विश्लेषण : दोष वैमानिकाचा की यानाच्या रचनेचा? ‘स्पेसशिपटू’ अपघाताच्या तपासात काय आढळले?

‘व्हर्जिन गॅलेक्टिक’ या कंपनीसाठी तयार झालेले ‘स्पेसशिपटू’ हे अवकाश पर्यटनाचे यान ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटावर चाचणी उड्डाणात कोसळले. सहवैमानिक मायकेल अल्सबरी यांचा मृत्यू झाला, तर वैमानिक पीटर सीबोल्ड गंभीर जखमी झाले. अल्सबरी यांनी एक खटका काही सेकंद आधी ओढला होता, असे तपासात निष्पन्न झाले. तरीही अंतिम अहवालाने अपघाताचे खापर त्यांच्यावर फोडले नाही. असे का?

अपघात कसा घडला?

‘स्पेसशिपटू’ जमिनीवरून स्वतः उड्डाण करत नाही. ‘व्हाइटनाइटटू’ हे वाहक विमान त्याला पोटाखाली धरून सुमारे ४६ हजार फुटांवर नेते आणि तेथे सोडते. मग रॉकेट इंजिन पेटते आणि यान वर झेपावते. त्या दिवशी यान सुटल्यानंतर साधारण १३ सेकंदांतच त्याचे हवेत तुकडे झाले. यानात बाहेर फेकणारी आसने नव्हती. यान तुटताना सीबोल्ड बाहेर फेकले गेले आणि पॅराशूट आपोआप उघडल्याने वाचले.

या उड्डाणात इंजिनात नव्या प्रकारचे इंधन वापरले जात होते. त्यामुळे पहिला संशय स्फोटाचा होता. मात्र इंजिन आणि इंधनटाक्या फुटलेल्या नव्हत्या. कॉकपिटमधील चित्रीकरणाने तपासाची दिशाच बदलली.

‘फेदर’ यंत्रणा काय असते?

अवकाशाच्या सीमेवरून परतताना यान स्थिर राहणे आणि त्याचा वेग कमी होणे गरजेचे असते. त्यासाठी अभियंते बर्ट रुटान यांनी शेपटाचा भाग वर दुमडण्याची कल्पना मांडली. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी सरळ होऊन अलगद खाली येते, तसेच हे यानही येते. यालाच ‘फेदर’ म्हणतात.

ही यंत्रणा दोन टप्प्यांत चालते. आधी एका खटक्याने कुलूप उघडायचे आणि नंतर वेगळ्या दांड्याने शेपूट वर करायचे. कुलूप वर जातानाच, वेग मॅक १.४ म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या १.४ पट झाल्यावर उघडायचे, असा नियम होता. ते उघडलेच नाही, तर उड्डाण वेळीच सोडून देता यावे, हा त्यामागचा हेतू. फार उंचावर गेल्यानंतर कुलूप अडकले असते, तर सुरक्षित परतणे कठीण झाले असते.

कुलूप आधी उघडल्याने काय बिघडले?

अल्सबरी यांनी कुलूप उघडले तेव्हा वेग सुमारे मॅक ०.८ होता. ध्वनीच्या वेगाच्या जवळपास असताना हवेचा दाब शेपटाला वर ढकलतो. त्या वेळी त्याला फक्त कुलूपच रोखून धरते. वेग बराच वाढल्यावर हाच दाब शेपटाला खाली दाबून ठेवतो. म्हणजे नेमक्या चुकीच्या क्षणी आधार निघाला. शेपूट वर करणाऱ्या दांड्याला कोणी हातही लावला नव्हता. तरीही ते आपोआप वर गेले आणि हवेचा मारा सहन न होऊन यान तुटले.

अनुभवी वैमानिकाकडून असे कसे झाले?

अपघाताची चर्चा करताना कोणत्याही वैमानिकाला हाच प्रश्न पडतो. अल्सबरी नवखे नव्हते. पण त्या काही सेकंदांत सहवैमानिकाला वेग मोठ्याने सांगणे, शेपटाच्या पृष्ठांचा कोन बदलणे आणि कुलूप उघडणे ही कामे यादी न पाहता, आठवणीतूनच करायची होती. कुलूप उघडायला उशीर झाला, तर उड्डाण अर्धवट सोडावे लागणार, ही टांगती तलवारही होती. लवकर उघडले तर काय होईल, याची मात्र ठळक सूचना कुठेच नव्हती. तो धोका काही वर्षांपूर्वीच्या एका ई-मेलमध्ये आणि एका सादरीकरणात तेवढा नोंदलेला होता.

सरावाचे सिम्युलेटर जागचे हलत नव्हते. रॉकेटचे हादरे आणि शरीरावर येणारा भार त्यात जाणवत नसे. अल्सबरी यांचे आधीचे रॉकेट उड्डाण एप्रिल २०१३ मधील, म्हणजे दीड वर्षापूर्वीचे होते.

मग दोष कोणाचा?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) जुलै २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. एकाच मानवी चुकीतून यान नष्ट होऊ शकते, या शक्यतेचा विचारच यान बनवणाऱ्या ‘स्केल्ड कम्पोझिट्स’ने केला नाही आणि त्यापासून बचावाची सोयही केली नाही, हे मूळ कारण ठरले. प्रशिक्षित वैमानिक योग्य वेळीच खटका ओढेल, असे कंपनीने गृहीत धरले होते.

हवाई वाहतूक नियामक ‘एफएए’वरही ठपका आला. कंपनीच्या धोका-विश्लेषणात मानवी चुकीचा भाग अपुरा असूनही ‘एफएए’ने सूट दिली, तीही कंपनीने न मागता. नियामकाच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांचे काही प्रश्न कंपनीपर्यंत पोहोचण्याआधीच गाळले जात होते, असेही तपासात समोर आले.

पुढे काय बदलले?

पुढच्या ‘युनिटी’ या यानात चुकीच्या वेळी कुलूप उघडूच नये, यासाठी यांत्रिक अडसर बसवण्यात आला. याच यानातून ११ जुलै २०२१ रोजी रिचर्ड ब्रॅन्सन आणि आंध्र प्रदेशात जन्मलेल्या शिरीषा बांदला यांनी अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत झेप घेतली. जून २०२३ मध्ये व्यावसायिक उड्डाणे सुरू झाली आणि जून २०२४ मध्ये ‘युनिटी’ निवृत्त झाले.

असा अडसर पहिल्या यानातही बसवता आला असता. ‘वैमानिकाची चूक’ एवढे लिहून तपास थांबला असता, तर पुढच्या यानातही तोच खटका तसाच मोकळा राहिला असता आणि या वेळी मागच्या आसनांवर प्रवासी असते.