बॉनेटखालचा उजेड : दिवा कोणता, वीज कुठली?

ओमानमध्ये जून ते ऑगस्ट हे तीन महिने दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळात कामगारांना उघड्यावर कामाला लावायला कायद्याने बंदी असते. स्वतःच्या गाडीखाली स्वतःच शिरणाऱ्याला हा कायदा लागू नाही, पण ऊन लागू असतंच. त्यामुळे माबेलात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची ऑइल बदलणं, बॅटरी बदलणं, फॅनबेल्ट बघणं ही बारीकसारीक कामं दिवस मावळल्यावरच निघतात. मोठं काम असेल तर औद्योगिक भागातली गॅरेजं आहेतच, पण छोट्या कामासाठी हातात हवा असतो एक बरा दिवा.

आता रात्र झाली म्हणजे गारवा आला असंही नाही. मस्कत प्रांतातल्याच कुरियातमध्ये २६ जून २०१८ रोजी अख्ख्या चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता. म्हणजे आपल्या दिव्याला अंधार आणि उकाडा या दोघांशीही झुंजायचं आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला लुमेनचा आकडा यातल्या फक्त अंधाराबद्दल बोलतो, आणि तेही अर्धवटच. म्हणून या लेखात आधी उजेडाचा आणि मग विजेचा विचार करू. आखातात राहणाऱ्यांनी दुसरा भाग जरा जास्त लक्ष देऊन वाचावा.

लुमेन किती, यापेक्षा दिवा किती जवळ

दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून जेवढा प्रकाश बाहेर पडतो तो लुमेनमध्ये मोजतात. आपल्याला मात्र त्यातला जो प्रकाश नटवर पडतो तेवढाच उपयोगाचा, आणि तो मोजतात लक्समध्ये. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन पडला की एक लक्स. अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, म्हणून लक्स एक चतुर्थांश होतात.

एलईडीची सपाट पट्टी असलेला ४०० लुमेनचा दिवा घ्या. त्याच्या अगदी समोर, अर्ध्या मीटरवर साधारण ५०० लक्स मिळतात. ऑफिसातल्या टेबलावर एवढाच उजेड असावा असा संकेत आहे. तोच दिवा एक मीटरवर नेला तर सव्वाशे लक्स उरतात आणि दोन मीटरवर जेमतेम तीस. म्हणजे बॉनेटच्या आत, कामाच्या जवळ लटकवलेला ४०० लुमेनचा दिवा हा दोन मीटरवर स्टँडला लावलेल्या तशाच ४००० लुमेनच्या दिव्यापेक्षा नटवर जास्त उजेड पाडतो. शिवाय तो मोठा दिवा डोळ्यांवर येतो तो वेगळाच. त्यामुळे लुमेनवर पैसे घालण्याआधी हूक, चुंबक आणि वाकणारी मान आहे का ते बघा. चुंबकाबद्दल एक सूचना: अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना तो चिकटत नाही, आणि आजकाल बऱ्याच इंजिनांचे मोठे भाग अ‍ॅल्युमिनियमचेच असतात. हूक लागतोच.

उजेड तिरका हवा

दुर्बिणीतून पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो, पण अष्टमीच्या चंद्रावर खड्डे स्पष्ट उठून दिसतात. चंद्र तोच, फरक फक्त ऊन कोणत्या बाजूने पडतंय त्याचा. समोरून प्रकाश पडला की सावल्या वस्तूच्या मागे लपतात, बाजूने पडला की प्रत्येक उंचवट्याची सावली दिसते.

रबरी नळीवरची भेग, बेल्टवरची चीर, झिजलेल्या नटाची कड या सगळ्या गोष्टी सावलीमुळेच ओळखू येतात. कपाळावर बांधायचा दिवा सोयीचा खरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. पण त्याचा प्रकाश आपल्या नजरेच्याच रेषेत जातो, म्हणून भेगा त्याला दिसत नाहीत. काम करायला कपाळाचा दिवा आणि दोष शोधायला बाजूने धरलेला छोटा टॉर्च, ही जोडी एका महागड्या दिव्यापेक्षा उपयोगी पडते.

गाडीखालचं ओलं कसलं?

गाडीखाली थारोळं दिसलं की प्रश्न रंगाचा असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बहुतेक वेळा ते एसीचं पाणी निघतं: स्वच्छ, बिनवासाचं. पण तांबूस असेल तर ते ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल असू शकतं, हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट, फिकट पिवळं असेल तर ब्रेक ऑइल, आणि काळपट तेलकट असेल तर जुनं इंजिन ऑइल. यातली गल्लत महागात पडते. ब्रेक ऑइल गळत असताना 'एसीचं पाणी असेल' म्हणून गाडी रस्त्यावर काढणं परवडणारं नाही.

पांढऱ्या एलईडीत खरं तर निळा प्रकाश देणारा एक कण असतो आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. (हा निळा एलईडी बनवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्वस्त दिव्यात हा थर असा असतो की निळा आणि पिवळा भरपूर, पण गडद लाल फारच थोडा. मग तांबडं ऑइल तपकिरी दिसतं आणि तपकिरी काळं. रंग किती खरे दिसतात याचं माप म्हणजे सीआरआय, आणि तंतूच्या जुन्या बल्बला त्यात १०० गुण असतात. ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर उत्तम. पण सीआरआयचा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो 'आर-९' या नावाने वेगळा देतात. तोही छापलेला असेल तर विकणाऱ्याने विचार केला आहे असं समजा.

लुकलुकणारा दिवा आणि 'थांबलेला' पंखा

ही गोष्ट गंमतीची आणि धोक्याचीही आहे. घरातली वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे साधा सर्किट असलेला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. आता रेडिएटरचा पाच पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला २० फेऱ्या, आणि एका जागेवरून सेकंदाला बरोबर १०० पाती जाणार. दिवा दर वेळी उजळतो तेव्हा तिथे एक पातं हजर! परिणामी पंखा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. इग्निशनचं टायमिंग तपासायला मेकॅनिक मुद्दाम लुकलुकणारा दिवा वापरतात तो याच तत्त्वावर.

बॅटरीचे काही दिवेही मंद केले की असेच लुकलुकतात, कारण उजेड कमी करण्यासाठी ते वीज भराभर चालू-बंद करतात. तपासायला सोपं आहे: अंधारात त्या उजेडात पाना जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. सुट्यासुट्या अनेक पान्यांची रांग दिसली तर दिवा लुकलुकतोय. असा दिवा फिरत्या भागांजवळ नको. आणि दिवा कोणताही असो, बऱ्याच गाड्यांचा विजेवरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो, हे लक्षात ठेवून हात दूर ठेवा.

वीज कुठून घ्यायची?

पर्याय तीन: घरातला सॉकेट, गाडीची बॅटरी, आणि दिव्यातलीच रिचार्ज होणारी बॅटरी.

घरातल्या २४० व्होल्टचा लांब वायरवाला दिवा मी तरी गाडीखाली नेणार नाही. घामाने भिजलेल्या त्वचेमुळे शरीराचा रोध हजारेक ओमपर्यंत उतरू शकतो. २४० भागिले १००० म्हणजे सुमारे २४० मिलिअँपिअर. घरातली गळतीरोधक स्विच यंत्रणा ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडते, यावरून २४० म्हणजे काय ते समजा. त्यात वायर जॅकखाली किंवा धारदार पत्र्यावर चिरडण्याची शक्यता असतेच. जुना हॅलोजन दिवा असेल तर आणखी एक भीती: त्याची काच अडीचशे अंशांच्या वर तापते, आणि पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय पेटायला लागणारं तापमानही याच आसपास सुरू होतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते, म्हणजे नेमकी आपण पडून काम करतो तिथे.

गाडीची १२ व्होल्टची बॅटरी हा पर्याय बरा आहे. ५ वॉटचा एलईडी दिवा तिच्यातून जेमतेम ०.४ अँपिअर घेतो. तीन तासांत सव्वा अँपिअर-तास गेले, तर ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते जाणवणारही नाही. तेच ६० वॉटचा हॅलोजन तीन तास लावला की १५ अँपिअर-तास, म्हणजे पाव बॅटरी गेली. आखातातल्या उन्हाने आधीच थकलेली बॅटरी मग सकाळी इंजिन फिरवेलच असं नाही. आणि बॅटरी उतरू नये म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणं तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही.

बॅटरीला क्लिपा लावायच्या तर आधी धन टोक जोडा, मग ऋण क्लिप बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो, म्हणून शेवटची जोडणी बॅटरीजवळ करायची नाही. वायरवर, बॅटरीच्या बाजूला, ५ अँपिअरचा फ्यूज असू द्या. कुठे शॉर्ट झालं तर गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते आणि तेवढ्यात वायर वितळते. या पर्यायाची एकच खरी अडचण: अल्टरनेटर किंवा स्टार्टरचं काम असेल तर बॅटरी आधी सोडवावी लागते, आणि मग दिवाही विझतो.

लिथियम आणि माबेलाचं ऊन

उरला दिव्यातला लिथियम-आयन सेल. यातला सगळ्यात प्रचलित म्हणजे १८६५०: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्यावर २६०० एमएएच लिहिलेलं असेल तर २.६ गुणिले ३.६ व्होल्ट, म्हणजे सुमारे साडेनऊ वॉट-तास. ४०० लुमेनसाठी ५ वॉट लागतात असं धरलं तर दिवा पावणेदोन तासांच्या आसपास चालेल. त्याच एका सेलवर १००० लुमेन हवे असतील तर जेमतेम पाऊण तास, आणि तोही दिवा तापून स्वतःच मंद झाला नाही तर.

बाजारात ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेल मिळतात. या आकारात आज साडेतीन हजारांच्या आसपासच मर्यादा आहे, तेव्हा हा आकडा निव्वळ थाप समजा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सेल ठेवून बघा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत काय नाही ते कळलंच.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लिथियम-आयन सेल ६० अंशांपर्यंत वापरायला आणि फक्त ४५ अंशांपर्यंत चार्ज करायला बनवलेले असतात. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २०१८मधल्या एका अभ्यासात उन्हात तासभर उभ्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश भरलं होतं. ओमानचं ऊन अ‍ॅरिझोनाच्या उन्हाला हार जाणारं नाही. म्हणजे 'असू दे गाडीतच, कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला दिवा रोज दुपारी आपल्या मर्यादेच्या वर भाजला जातो.

चांगला सेल ७० अंशांना लगेच पेट घेत नाही. पण आतल्या ऋण टोकावर जो संरक्षक थर असतो तो उष्णतेत जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. सेल पूर्ण भरलेला असेल तर हे आणखी वेगाने होतं. एकदोन उन्हाळ्यांत दिवा निम्मा वेळही चालेनासा होतो. सेल हलक्या प्रतीचा असेल, दबलेला असेल, किंवा चार्जरला संरक्षण नसेल तर मात्र प्रश्न आयुष्याचा राहत नाही, आगीचा होतो.

म्हणून दिवा घरात, एसीच्या खोलीत, अर्धा चार्ज करून ठेवा आणि कामाच्या आदल्या रात्री भरा. गाडीतून काढलेला गरम दिवा लगेच चार्जिंगला लावू नका. हातात धरवत नसेल तर थांबा. गाडीत कायम ठेवायला १२ व्होल्टचा, सेल नसलेला, वायरवाला दिवाच योग्य. त्यात भाजण्यासारखं काही नसतं. कॅनडात किंवा उत्तर युरोपात राहणाऱ्या वाचकांना उलटा नियम लागू: शून्य अंशांखाली सेल चार्ज केला की आत धातूरूप लिथियम साचतं आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. गॅरेजमध्ये गारठलेला दिवा आधी घरात आणून कोमट होऊ द्या.

दुकानात काय बघायचं?

– ३०० ते ५०० लुमेन पुरेत, पण हूक आणि चुंबक दोन्ही हवेत.
– सीआरआय ९० किंवा वर. पानाही हलवून बघा.
– बॅटरीची क्षमता वॉट-तासांत काढा. अशक्य आकडा असेल तर दिवा परत ठेवा.
– सेल बदलता येतो का? आखातात सेल दिव्याच्या आधी संपतो.
– ड्रिलच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या घरात असतील तर त्याच कंपनीचा नुसता दिवा घ्या. त्या बॅटऱ्या तुम्ही नाहीतरी घरातच ठेवता.
– धूळ आणि पाण्यासाठी आयपी-६५ किंवा वरचं मानांकन. इथली धूळ कुठेही शिरते.

आणि गाडीत आत्ता एखादा रिचार्जचा टॉर्च पडलेला असेल, तर तो आज संध्याकाळी घरात आणा. सेलची बाजू फुगलेली वाटली किंवा गोडसर रसायनासारखा वास आला तर चार्ज न करता तो दिवा बाजूला, घराबाहेर सावलीत, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्यांकडे द्या.