मुकी पेटी

गेल्या नाताळापूर्वी आमच्या शेजारी एक खोके आले. त्यातून पंचवीस पट्ट्यांची लहानशी, सुबक पेटी निघाली. सारे घर भोवती जमले. मुलाने एक पट्टी दाबली, आवाज नाही. दुसरी दाबली, तीच गत. ‘अरे, हिचा भाता कुठे आहे?’ असे आजींनी विचारताच सारे हसले. आम्हांस मात्र तो प्रश्न अगदी नेमका वाटला.

कारण या पेटीला भाता नाही आणि स्वतःचे सूरही नाहीत. तिला कंट्रोलर म्हणतात. कोणती पट्टी दाबली व किती जोराने, एवढेच ती ० ते १२७ या आकड्यांत केबलीवाटे कळविते. नाद उत्पन्न करावयाचे काम संगणकातील सॉफ्टवेअरचे. चर्चमधील मोठ्या ऑर्गनचा वादक खाली बसतो आणि नळ्या वर बोलतात, तसेच काहीसे हे. आकडे पोहोचविणाऱ्या या सांकेतिक भाषेचे नाव मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे आणि जपानच्या रोलंडचे अशी दोन वाद्ये एका केबलीने जोडून दाखविण्यात आली. या कंपन्या बाजारात एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. तरीही त्या भाषेसाठी त्यांनी कोणाकडे मोबदला मागितला नाही. या कार्याबद्दल डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांस २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

आता प्रश्न असा की, अशा मुक्या पेटीबरोबर कंपनीने सॉफ्टवेअर वाद्येही द्यावीत काय? बहुतेक कंपन्या देतात. फ्रान्समधील ग्रेनोब्लची आर्तुरिया ॲनालॉग लॅब देते, इंग्लंडची नोव्हेशन एबलटन लाइव्हची लहान आवृत्ती देते. यात उपकार आहे हे आम्ही नाकारीत नाही. ज्या मुलाला कोणी शिकविणारा नाही, त्याला पहिल्याच दिवशी पियानोचा सूर ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु देणे वेगळे आणि बांधून ठेवणे वेगळे. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने २०१४ साली कोम्प्लीट कंट्रोल नावाचा कीबोर्ड काढला. त्याच्या प्रत्येक पट्टीवर एक दिवा असतो. कोणत्या पट्टीवर कोणता ध्वनी, कोणत्या रागपट्टीतील सूर कोणते, हे तो दाखवितो. नवशिक्याला किती सोयीचे! पण त्या मार्गदर्शनासाठी कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर चालू असावे लागते. ते नसेल तर उरतो तो साधा कीबोर्ड. पुढे कंपनीने इतर निर्मात्यांनाही आपल्या पद्धतीत सामील होऊ दिले हे खरे, तथापि नियम तिचेच राहिले.

याहून मोठी अडचण आयुष्याची. १९८३ च्या वाद्याला मिडी केबल जोडून ते आजच्या कीबोर्डवरून वाजविता येते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. २०१९ साली ॲपलने कॅटालिना ही प्रणाली आणली आणि ३२ बिटांची जुनी सॉफ्टवेअरे तिच्यावर चालेनाशी झाली. त्यांत कित्येकांची वाद्येही गेली. शिवाय आपल्याकडे थोरल्याची वस्तू धाकट्याकडे, धाकट्याची मावसभावाकडे जाते. पेटी अशी हातोहाती जाईल; पण सोबतच्या वाद्यांचा संकेतांक बहुधा पहिल्याच मालकाच्या नावे खर्ची पडलेला असतो.

म्हणून आमचे मत असे: सुरुवातीपुरते एक-दोन चांगले सूर अवश्य द्यावेत, मोठा संच मात्र वेगळ्या किंमतीस ठेवावा, आणि पेटीचे प्रत्येक बटण साध्या मिडीवर चालावे. सूर बाहेरून आणणे अशक्य नाही. ग्रँडऑर्ग हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. खऱ्या ऑर्गनच्या नळ्यांचे सुटे ध्वनिमुद्रण त्यात घालून कोणत्याही मिडी कीबोर्डवर वाजविता येते. आमच्या गायकवृंदांनी याची चौकशी करावी. दुकानात गेल्यावर सोबत काय फुकट मिळते हे मागाहून विचारावे. आधी ती पेटी दुसऱ्याच कोणत्या तरी सॉफ्टवेअरला जोडून तिची बटणे फिरवून दाखवा म्हणावे.

शेजारच्या मुलाचा संच इंटरनेटवरून उतरता उतरता रात्रीचे साडेदहा वाजले. मग पियानो वाजला, चांगला वाजला. आजी तोवर निजल्या होत्या.