बिघाड फोनचा, बोल दुकानदाराला

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींचे सुटे भाग आणि सजावटीचे सामान विकणाऱ्या दुकानांची दाटी आहे. तेथील माझ्या परिचयाचे एक दुकानदार सीट कव्हरपासून स्टिरिओपर्यंत सर्व काही बसवून देतात. गेली काही वर्षे त्यांचा मुख्य धंदा मोटारीतल्या स्क्रीनचा आहे. जुन्या गाडीतला साधा रेडिओ काढून तेथे मोठा स्पर्शपडदा बसवायचा, मागे कॅमेरा लावायचा आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल त्याला जोडून द्यायचा. नकाशा, फोन, गाणी सर्व समोर दिसते. गिऱ्हाईक खूश आणि दुकानदारही खूश.

एके दिवशी सकाळी शटर उघडताच एक टूरिस्ट गाडीवाला दारात उभा. "चाचा, तुम्ही बसवलेला स्क्रीन चार महिन्यांतच गेला. काल विमानतळाचं भाडं होतं. एक्स्प्रेस वेवर नकाशाच गायब! पाहुण्यांसमोर फोन मांडीवर घेऊन गाडी चालवावी लागली."

चाचांनी त्याला चहा पाजला आणि मिस्त्रीला हाक मारली. डॅशबोर्ड उघडला, वायरिंग तपासले, केबल बदलून पाहिली. फोन काही जुळेना. गिऱ्हाईक जुना, बिल हाताशी, वॉरंटी शिल्लक. शेवटी चाचांनी पदरचा नवा सेट त्या गाडीत चढवला. तरीही तेच. दुपारी त्यांच्या पुतण्याने सहज आपला फोन लावून पाहिला, तर तो पहिल्याच झटक्यात जुळला. मग जुना सेट टेबलावर ठेवून त्यालाही करंट दिला. त्यालाही पुतण्याचा फोन जुळला. म्हणजे दोन्ही सेट धडधाकट होते. चौकशी केली तेव्हा कळले की गाडीवाल्याच्या फोनने दोन दिवसांपूर्वी रात्री चार्जिंगला असताना नवे अपडेट घेतले होते. फोन कोणत्या कंपनीचा होता ते येथे लिहीत नाही, कारण हा अनुभव कोणत्याही एका कंपनीपुरता नाही. पुढे दोनेक आठवड्यांनी त्याच फोनवर आणखी एक अपडेट आले आणि सर्व काही आपोआप सुरळीत झाले. चाचांची मात्र दिवसभराची मजुरी बुडाली. डबा फोडलेला तो सेट ठोक व्यापारी परत घेईना. "माल चांगला आहे, मग परत का घेऊ?" हे त्याचे म्हणणेही खोटे नव्हते.

असे किस्से आज कार डेकोरच्या कोणत्याही दुकानात ऐकायला मिळतात. मुंबईच्या ऑपेरा हाऊसला जा, की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. म्हणून या धंद्यातील बांधवांनी, आणि गाडीवर पोट असणाऱ्यांनीही, हे प्रकरण मुळापासून समजून घेणे गरजेचे झाले आहे.

पडदा गाडीचा, खेळ फोनचा

पुष्कळांचा समज असा की गाडीतला स्क्रीन हा एक संगणक आहे आणि नकाशा त्यात चालतो. स्क्रीनमध्ये संगणक असतो हे खरे, परंतु ॲपलचे कारप्ले किंवा गूगलचे अँड्रॉइड ऑटो चालू असताना तो जवळजवळ सिनेमागृहातल्या पडद्यासारखा वागतो. नकाशा फोनमध्ये चालतो. फोन त्याचे चित्र तयार करतो आणि व्हिडिओसारखे सतत गाडीकडे पाठवत राहतो. गाडी ते दाखवते आणि आपण बोट कोठे टेकवले एवढे फोनला उलट कळवते.

केबल लावली असेल तर ही सर्व ये-जा यूएसबीच्या तारेतून होते. बिनतारी जोडणी असेल तर काम दोन टप्प्यांत चालते. आधी ब्लूटूथवर फोन आणि गाडी एकमेकांना ओळखतात, त्याच ओळखीत वायफायची माहिती दिली-घेतली जाते आणि मग खरी वाहतूक वायफायवरून सुरू होते. ब्लूटूथला एवढे मोठे ओझे पेलवत नाही. यातील कोणताही एक दुवा तुटला तरी गिऱ्हाइकाला दिसते ते एकच, "कनेक्ट होत नाही."

आता अपडेट आल्यावर काय होते ते पाहा. वायफाय आणि ब्लूटूथ चालवणारे फोनमधले प्रोग्राम बदलतात, सुरक्षेचे नियम कडक होतात, बॅटरी वाचवण्याची पद्धत बदलते. एवढा बदल फोनच्या बाजूला झाला, गाडीची बाजू मात्र जिथल्या तिथे. तिचे सॉफ्टवेअर गाडी किंवा सेट कारखान्यातून निघाला तेव्हाचे. फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो, गाडी दहा-पंधरा वर्षे वापरतो. काल ज्या दोघांचे जमत होते त्यांतील एकाने रातोरात भाषा थोडी बदलली, तर दुसऱ्याला ती कळणार कशी?

कारप्लेची घोषणा मार्च 2014 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात झाली. अँड्रॉइड ऑटो 2015 साली बाजारात आले. त्याच वर्षी आपल्याकडे आलेल्या मारुतीच्या बलेनोमध्ये कारप्ले होते, आणि ही सोय केवळ श्रीमंतांच्या गाडीपुरती राहणार नाही हे तेव्हाच दिसले. आता जगात शेकडो मॉडेलच्या गाड्या, त्यांत निरनिराळ्या वर्षांचे सॉफ्टवेअर आणि समोर फोनचे असंख्य प्रकार. प्रत्येक जोडी आधी तपासून पाहणे कोणत्याही कंपनीला शक्य नाही. तपासणी कमी पडते आणि उरलेली तपासणी गिऱ्हाईक पैसे देऊन स्वतः करते, असे म्हटले तर फारसे चूक ठरू नये!

कंपनीच्या लेखी कबुल्या

ही केवळ दुकानदारांची तक्रार नाही. फोन कंपन्यांनी वेळोवेळी दिलेल्या दुरुस्त्यांच्या टिपणांत हे स्पष्ट लिहिलेले आढळते. ॲपलने 31 मार्च 2025 रोजी आयफोनसाठी 18.4 ही आवृत्ती दिली. 16 एप्रिलला लगेच 18.4.1 आली. काही गाड्यांत बिनतारी कारप्ले जुळत नव्हते, ती क्वचित येणारी अडचण दूर केली, असे तिच्या टिपणात नमूद होते. कंपनीच्या दृष्टीने अडचण क्वचितची, पण ज्याच्या गाडीत ती आली त्याच्यासाठी ती सोळा आणे होती.

हा प्रकार पहिलाही नव्हे. मार्च 2020 मधील 13.4 या आवृत्तीत काही गाड्यांत कारप्लेची जोडणी तुटत असल्याची दुरुस्ती होती. ऑक्टोबर 2021 मधील 15.0.2 मध्ये गाणी चालू असताना कारप्ले बंद पडत असल्याची दुरुस्ती होती. नोव्हेंबर 2023 मध्ये तर निराळाच मासला पुढे आला. काही गाड्यांतील बिनतारी चार्जरवर ठेवल्यानंतर आयफोन 15 मधील ॲपल पे आणि तत्सम सोयी बंद पडत होत्या. त्यासाठी 17.1.1 ही आवृत्ती द्यावी लागली.

अँड्रॉइडची तऱ्हा आणखी गुंतागुंतीची. अँड्रॉइड 10 पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच अंगभूत येते, पण त्याचे अपडेट मात्र प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे येत राहतात. त्यामुळे "मी फोन अपडेट केलाच नाही" असे गिऱ्हाईक शपथेवर सांगते आणि ते खरेही असते. शिवाय गूगल नवे बदल सर्वांना एका दिवशी देत नाही, टप्प्याटप्प्याने देते. जानेवारी 2023 पासून आलेले नवे रूप असेच हळूहळू पोहोचले. म्हणून एकाच मॉडेलचे दोन फोन शेजारी ठेवले तरी त्यांची वागणूक वेगळी असू शकते.

मग अपडेट घेऊच नये का?

अनेक मिस्त्री हाच सल्ला देतात. तो अर्धवट आहे. वर सांगितलेल्या 18.4.1 मध्येच कारप्लेच्या दुरुस्तीबरोबर सुरक्षेच्या दोन त्रुटीही बुजवल्या होत्या. काही विशिष्ट व्यक्तींवर अतिशय सराईत पद्धतीने केलेल्या हल्ल्यात त्या त्रुटींचा वापर झाला असावा, असे ॲपलनेच कळवले होते. ज्या फोनवर बँक, यूपीआय आणि धंद्याचा सगळा हिशेब आहे तो फोन वर्षभर जुन्या सॉफ्टवेअरवर ठेवणे धोक्याचे. शिवाय आयफोनवर एकदा नवी आवृत्ती घेतली आणि काही दिवस गेले की जुनीवर परतण्याची वाट ॲपल बंद करते.

मधला मार्ग असा की मोठी आवृत्ती आली की आठ-पंधरा दिवस थांबावे आणि सुरक्षेचे लहान अपडेट मात्र लगेच घ्यावे. लांबच्या भाड्याच्या आदल्या रात्री तर कोणतेही मोठे अपडेट घेऊ नये. आपोआप अपडेट होण्याची सोय बंद ठेवली तर निर्णय आपल्या हाती राहतो. अँड्रॉइड ऑटोपुरती अडचण असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपचे अपडेट काढून टाकण्याचा पर्याय असतो. पुष्कळ वेळा तेवढ्यानेही काम भागते.

डॅश उघडण्यापूर्वी

चाचांनी पदरचे पैसे घालून जे शिकले ते असे. गाडीला हात लावण्याआधी दुसरा फोन लावून पाहायचा. तो जुळला तर सेट निर्दोष. मग गिऱ्हाइकाच्या फोनमधून गाडीची जुनी नोंद पुसायची, सेटमधूनही त्या फोनची नोंद पुसायची, दोन्ही बंद करून चालू करायचे आणि नव्याने ओळख करून द्यायची. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात, असे ते सांगतात.

त्यानंतर केबल. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन माहितीच्या असतात. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा माहितीच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, म्हणून गिऱ्हाईक म्हणते केबल ठीक आहे. अँड्रॉइड ऑटोसाठी केबल एक मीटरहून लांब नसावी असे गूगलच सांगते.

आयफोनमध्ये सिरी बंद असेल तर कारप्ले चालत नाही. स्क्रीन टाइममध्ये कारप्लेवर बंदी असली तरी तेच. 2018 पासून आयफोनमध्ये आणखी एक कुलूप आहे. फोन तासाभराहून अधिक काळ लॉक राहिला तर यूएसबीने जोडलेल्या वस्तूला तो दाद देत नाही, एकदा उघडावा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या सोयीतून अँड्रॉइड ऑटोला वगळावे. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहावे.

सर्वाधिक डोकेदुखी मात्र छोट्या डोंगलची. तारेचे कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो बिनतारी करणारी ही डबी गाडीला सांगते मी फोन आहे आणि फोनला सांगते मी गाडी आहे. असा दुभाष्या मध्ये आला की बिघाडाची आणखी एक जागा तयार होते. डबी बनवणारी कंपनी तिचे सॉफ्टवेअर सुधारत राहिली तर ठीक, नाहीतर एखाद्या अपडेटनंतर ती कायमची मुकी होते. बिननावाच्या स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओचेही तेच. माल घेताना ठोक व्यापाऱ्याला भाव विचारण्याआधी विचारावे, याचे नवे सॉफ्टवेअर कोण देणार आणि किती वर्षे? उत्तर मिळाले नाही तर त्या मालावर वॉरंटी लिहून देणे म्हणजे दुसऱ्याच्या चुकीची हमी आपण घेणे होय.

कायदा काय म्हणतो?

अपडेटमुळे झालेल्या त्रासाला कोणी वाली नाही असे समजू नये. इटलीच्या नियामकाने 2018 साली अपडेटमुळे फोन मंदावल्याच्या प्रकरणी ॲपलला 1 कोटी आणि सॅमसंगला 50 लाख युरो दंड केला. फ्रान्सने 2020 मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड लावला. गिऱ्हाइकांना आधी कल्पना दिली नाही हे त्यातील मुख्य कारण होते. आपल्याकडेही आयफोनच्या 18 व्या आवृत्तीनंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी आल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावरून ॲपलला नोटीस पाठवल्याचे मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. मात्र दुकानदाराने बिलावर काय लिहिले आहे याला तेथे महत्त्व येते.

गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. स्क्रीन बंद पडला म्हणून फोन हातात घेऊन गाडी चालवणे हा 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात स्पष्ट गुन्हा आहे. शंभर-दीडशे रुपयांचा होल्डर गाडीत ठेवलेला बरा.

चाचांनी आता आपल्या बिलावर दोन ओळी छापून घेतल्या आहेत. सेट देतेवेळी कोणत्या फोनवर आणि त्याच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून दाखवला ते तेथे हाताने लिहिले जाते आणि गिऱ्हाइकाची सही घेतली जाते. गल्ल्याखालच्या खणात एक जुना अँड्रॉइड आणि एक जुना आयफोन असतो. दोन्हींत सिम नाही, बँकेचे ॲप नाही, आपोआप अपडेट बंद. तक्रार घेऊन कोणी आले की चहा सांगण्याआधी चाचा तो खण उघडतात.