बेडकांच्या साथीवर पाळत
ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ऐन उन्हाळ्यात परसातल्या तळ्यांत बेडूक पटापट मरू लागले. मांड्या लालभडक, कातडीवर व्रण, कधी बोटंच झडलेली. कारण निघालं रानाव्हायरस. तो माशांना, कासवांनाही सोडत नाही. पाळत ठेवली ती बरीचशी बागवाल्यांनीच. त्यांनी मेलेले बेडूक मोजून कळवायचे, शास्त्रज्ञांनी यकृताचा तुकडा घेऊन विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी करायची. वारंवार साथ आलेल्या तळ्यांत बारा वर्षांत बेडूक सुमारे ८० टक्क्यांनी घटले, हे बागवाल्यांच्या नोंदींतूनच कळलं. रानात मात्र मेलेला बेडूक कुणीतरी लगेच फस्त करतं. म्हणून आता पाणी गाळून त्यात विषाणूचा डीएनए शोधतात. आणि दर तळ्यानंतर बूट-जाळी जंतुनाशकात बुडवायचीच, नाहीतर तपासायला आलेलाच साथ पसरवायचा!