काजूच्या टरफलाचे मोल

पेडणे व डिचोली तालुक्यांच्या डोंगरउतारांवरील काजू मूळचा आपला नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो ब्राझीलहून आणला, हे सुज्ञ वाचकांस विदित आहेच. बोंडूची फेणी होते, गर पेठेत जातो. टरफल मात्र पुष्कळदा भट्टीच्याच वाट्यास येते.

वस्तुतः या व्यापारातील खरे रसायन टरफलातच आहे. त्यातील दाहक तेलाने सोलणाऱ्या स्त्रियांचे हात पोळतात. म्हणून त्या हातांस राख वा एरंडेल लावून कामास बसतात. हेच तेल तापविले असता त्यातील आम्लातून कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो व कार्डनॉल उरते. खनिज तेलापासून होणाऱ्या फिनॉलऐवजी ते काही अंशी राळ, रोगण व मोटारींच्या ब्रेकचे अस्तर यांत चालते. यातील कर्ब झाडाने हवेतूनच घेतलेला, भूगर्भातून उपसलेला नव्हे. भारताने २०२१ साली ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या खातेवहीत ही बाब जमेकडे पडते.

अर्थात टरफल खनिज तेलाची जागा घेईल, असे कोणी समजू नये. एका लहान कारखान्याच्या मालावर घाणाही चालत नाही. पाच-दहा कारखानदारांनी टरफल एकत्र केले तरच वाहतूक परवडते. तेल काढून उरलेली पेंड जळणास उपयोगी पडते, ती वेगळी. भाव ठरविताना मात्र बी वाफवली होती की भाजली होती, हे आधी विचारावे. भाजणीत बरेचसे तेल निघून गेलेले असते.