विमानतळ ते चैत्यभूमी : टॅक्सी नको, रेल्वेने या

महापरिनिर्वाण दिनाला परराज्यांतून, परदेशांतून विमानाने येणारे अनेक बांधव थेट टॅक्सी करतात आणि दादरच्या अलीकडेच अडकतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कभोवतीचे अनेक रस्ते वाहनांसाठी बंद असतात. रिक्षाला तर वांद्र्याच्या पुढे परवानगीच नाही.

टर्मिनल १ आणि २, दोन्हीकडे भुयारी मेट्रो-३ चे स्थानक आहे. कफ परेडकडे जाणारी गाडी धरा, दादरला उतरा. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. मेट्रो बंद असेल तर टर्मिनल १ वरून विलेपार्ले, टर्मिनल २ वरून अंधेरी स्थानक गाठा आणि चर्चगेट लोकल पकडा. विलेपार्ल्याला फक्त धीमी लोकल थांबते. दादरला पश्चिमेकडे बाहेर पडा. पुढे पायी चला. राजगृह मात्र पूर्वेला, हिंदू कॉलनीत आहे.

सामान कमी ठेवा. गर्दीत फोन लागेलच असे नाही. म्हणून भेटण्याची जागा आधीच ठरवा आणि वडीलधाऱ्यांच्या खिशात नंबर लिहून ठेवा.

बाबासाहेबांचे पार्थिवही दिल्लीहून विमानानेच सांताक्रूझला आले होते. तेथून राजगृह आणि ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटी. आपली वाट तीच आहे.