राहिलेले एकोणीस रोजे

गेल्या रमजानमध्ये चौथ्या रोज्याला तिला पाळी आली, तीही साडेतीन महिन्यांनी. पाळीत रोजा ठेवायचा नसतो आणि नमाजही पढायची नसते. नमाज कायमची माफ, रोजे मात्र मागाहून भरून द्यायचे. त्याला कझा म्हणतात. एवढे तिला लहानपणापासून ठाऊक होते. पण रक्तस्राव बाविसाव्या रोज्यापर्यंत थांबलाच नाही.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. घरात अब्बा आणि दोन भाऊ. त्यांना कळू नये म्हणून ती सहरीला सगळ्यांबरोबर उठायची आणि दुपारी स्वयंपाकघराचे दार लोटून घाईघाईने दोन घास खायची. धर्माने उघडपणे दिलेली सवलत आपल्या घरांत मुली अशी चोरून वापरतात, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

दुसरे दुखणे मात्र लपण्यासारखे नव्हते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला ठणकणाऱ्या, गाठीसारख्या पुटकुळ्या बारावीपासून होत्या. इफ्तारला भजी समोर आली की कुणीतरी म्हणायचेच, ‘तू नको खाऊस, तोंड बघ आधी.’ मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने मेडिकलमधून गोरेपणाची क्रीम आणली. आठवडाभर चेहरा उजळ दिसला, मग दुप्पट बिघडला. अशा कितीतरी क्रीममध्ये स्टेरॉइड असते. चिठ्ठीशिवाय ती घेऊच नयेत.

ईदनंतर ती मोहल्ल्यात मुलींना शिकवणाऱ्या आलिमांकडे गेली. एकोणीस रोजे बुडाले, गुनाह किती झाला, एवढेच तिला विचारायचे होते. आलिमांचा पहिला प्रश्न होता, ‘बेटा, डॉक्टरकडे गेलीस का?’

मग त्यांनी समजावले. पाळीचे रक्त म्हणजे हैज. हनफी मतानुसार ते कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस. शाफई मतानुसार, आणि कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, ही मर्यादा पंधरा दिवसांची. त्यापुढचे रक्त म्हणजे इस्तिहाजा. ते दुखण्यात मोडते. त्यात नमाज पढता येते, रोजाही ठेवता येतो. फार अशक्तपणा असेल तर आजाऱ्याची सवलत आहेच. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी आपले रक्त थांबत नाही, नमाज सोडू का, असे खुद्द पैगंबरांना विचारले होते. ही पाळी नव्हे, शिरेतून येणारे रक्त आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. हजरत आयेशांनी सांगितलेली ही हदीस बुखारीत आहे. चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईने जे विचारले, ते ही मुलगी अम्मीलाही विचारू शकली नव्हती.

डॉक्टरबाईंनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन या तपासण्या आणि सोनोग्राफी करून घेतली. निदान निघाले पीसीओएस. यात शरीरात पुरुषी संप्रेरके वाढतात, बीजांड वेळेवर सुटत नाही. पाळी महिनोन्‌महिने लांबते आणि आली की कधीकधी थांबत नाही. त्याच संप्रेरकांमुळे त्वचा जास्त तेल सोडते आणि हनुवटीवर मुरुमे उठतात. पाळी आणि चेहरा ही दोन दुखणी नव्हती, एकच होते. हिमोग्लोबिन नऊच्या खाली आले होते. लोहाच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या.

संप्रेरकांच्या गोळ्यांचे नाव निघताच अम्मी गप्प झाल्या. याच गोळ्या पाळणा लांबवायलाही देतात. लग्नाआधी मुलीच्या पर्समध्ये त्या दिसल्या तर? डॉक्टरबाईंनी विचारले, ‘आणि रक्त असेच जात राहिले तर?’ ‘लग्न झालं की सगळं बरं होतं’ हे वाक्यही त्यांनी तिथेच मोडीत काढले. चेहऱ्यावर फरक दिसायला किमान तीन महिने लागतील, हेही स्पष्ट सांगितले.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचेही असेच. रमजानमध्ये तीसच्या तीस रोजे व्हावेत म्हणून मुली त्या परस्पर घेतात. गौरी-गणपतीत शेजारच्या घरातही त्याच गोळ्या येतात. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी आधीच अनियमित असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. रोज्यांसाठी नेहमीची औषधे इफ्तार आणि सहरीच्या वेळेला बसवून मिळतात, फक्त रमजान लागण्याआधी जाऊन विचारावे लागते.

तिने डिसेंबरच्या लहान दिवसांत कझा सुरू केली. एकोणिसापैकी चौदा रोजे झाले, कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या खुणा आहेत. पाळी आता दर महिन्याला येते. चेहरा निम्मा निवळला आहे, डाग आहेत. एक स्थळ परत गेले, त्याची चर्चा घरात फार झाली नाही.

यंदा नवव्या रोज्याला पाळी आली. दुपारी धाकटा भाऊ स्वयंपाकघरात डोकावला, तेव्हा अम्मी त्याला म्हणाल्या, ‘ते झाकलेलं ताट आपाचं आहे. तिला हाक मार, गार होतंय.’